तळ्याकाठचं जेवण

श्रेयसनं चाकांवरचं घर भाड्यानं आणलं तेव्हा कळंब्यातली निम्मी गल्ली ते बघायला जमली. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायचं बेसिन आणि एका अरुंद दाराआड चक्क संडास. शेजारच्या शालूबाई आत डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "राजमती, घरातनं निघून परत घरातच बसायचं, तर मग जायचं कशाला गं?"  राजमतीला तरी ते कुठं पटलं होतं?

पण मुलाला पटलं होतं, आणि त्याचं कारण खरं होतं. त्याचे वडील, बापूसो, पाण्याजवळ शांत व्हायचे. शाहूपुरीतलं मोटरपंपाच्या सुट्या भागांचं दुकान श्रेयसच्या हाती दिल्यापासून ते रोज सकाळी कळंबा तलावावर फिरायला जायचे. मग विसरण्याचं दुखणं आलं. आधी चाव्या गेल्या, मग नावं गेली, मग रस्ते. एके दिवशी ते तलावाजवळच्या तुरुंगाच्या भिंतीकडेनं चालत राहिले ते चालतच राहिले, आणि दुपारी भलत्याच गावात एका चहाच्या टपरीवर सापडले. तेव्हापासून दाराला आतून कुलूप. इतकी वर्षं दुकान सांभाळलेला माणूस स्वतःच्याच घरात येरझाऱ्या घालायला लागला.

"राधानगरीच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्याकाठी नवीन कॅम्प झालाय," श्रेयस म्हणाला. "आम्ही तंबूत झोपतो. अण्णांना आणि तुला ही गाडी. सारखा तोच पलंग, तीच खोली, म्हणजे बुजायचे नाहीत."

"आणि त्यांचं संध्याकाळचं?" राजमतीनं विचारलं.

"आई, वेळेत पोचतोय की आपण."

संध्याकाळचं म्हणजे जेवण. दिवस मावळल्यावर बापूसोंच्या तोंडात अन्नाचा कण जात नसे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बाहुबलीच्या डोंगरावर मुनी महाराजांसमोर त्यांनी जन्मभराचा नियम घेतला होता. राजमती शेजारी उभी होती. महाराजांनी तिच्याकडं बघितलं, नवऱ्यानं मान हलवली, आणि तिचाही नियम झाला. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं हो म्हटलं असतं. पुढं लग्नकार्यं झाली, दवाखाने झाले, रेल्वेचे प्रवास झाले, एकदा पुराच्या पाण्यात दुकानाच्या माळ्यावर रात्र काढावी लागली. नियम कधी मोडला नाही. बापूसोंना बाकी कसला गर्व नव्हता, पण याचा होता.

दुखण्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं. तेव्हा अजून ते शुद्धीत होते. म्हणाले, "उद्या मी काय बी मागीन. रातचं जेवायला बी मागीन. रडीन, शिव्या घालीन. देऊ नगोस. माझा नियम आता तुझ्याकडं." राजमतीनं मान हलवली होती. त्या माणसानं उभ्या संसारात तिच्याकडं स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट.

आणि तिनं ती पाळली होती. भिंतीवरच्या जैन कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बघून ती त्यांना उजेडी वाढायची. तास-दोन तासांनी ते जेवलेलं विसरायचे आणि पुन्हा ताट मागायचे. "झालंय की तुमचं जेवण," ती म्हणायची आणि त्यांच्यासोबत णमोकार म्हणायला बसायची. मंत्र ते विसरले नव्हते. म्हणता म्हणता त्यांचा डोळा लागायचा. हे तिला जमायचं, कारण ती खरं बोलत असायची.

जायच्या दिवशी तिनं डबा भरला. मऊ चपात्या, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, थोडा भात. गाडी चालवायला शिवाजी पेठेतला बादशहा नावाचा ड्रायव्हर होता. असल्या मोठ्या गाड्या चालवण्यात त्याचे केस पिकले होते. बापूसोंच्या दुकानात तो पूर्वी माल पोचवायचा, म्हणून त्यांना अजून "मालक" म्हणायचा. बापूसो त्याला ओळखत नव्हते, पण त्याच्या शेजारच्या सीटवर खुशाल बसले आणि रस्त्यानं दोन्ही बाजूंचा ऊस बघत राहिले. मागं श्रेयसची बायको अपूर्वा आणि नात आदिती खिडकीला नाक लावून होत्या.

वाटेत एका गुऱ्हाळापाशी गाडी थांबली. ऊन अजून चांगलं होतं. राजमती म्हणाली, "श्रेयस, इथंच त्यांना चार घास घालते."

"आई, अर्ध्या तासात पोचतो. तिथं पाण्याकाठी टेबल मांडू, निवांत जेवू सगळे. इथं रस्त्याकडेला धुरळ्यात कशाला?"

तिला हट्ट धरता आला असता. पण पाण्याकाठी मांडलेलं टेबल तिच्याही डोळ्यांपुढं आलं, आणि खोटं कशाला सांगा, तिलाही तो मोह झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीकडं तोंड करून जेवलेली बाई ती. बरं, म्हणाली आणि डबा पुन्हा पिशवीत ठेवला.

कॅम्पच्या फाट्यावरून आत वळल्यावर घोटाळा झाला. रस्त्यावर एका वडाची फांदी इतकी खाली आली होती की चाकांवरचं घर तिच्याखालून जाईना. बादशहानं खाली उतरून बघितलं, टपावर चढून बघितलं, मागं घेऊन बघितलं. कॅम्पवरची माणसं आली. फांदी तोडू नका, देवाची आहे, असं वस्तीवरचे लोक म्हणायला लागले. मग दोर आणून ती वर ओढून धरायची असं ठरलं. या आरड्याओरड्यात बापूसो बिथरले. राजमतीनं गाडीतच ताट वाढलं, तर त्यांनी हात झिडकारला. "आधी ही माणसं घालवा," म्हणून दाराकडं धावायला लागले. दोघांनी धरून बसवावं लागलं. शेवटी फांदी वर गेली आणि खालून गाडी गोगलगायीसारखी सरकली.

कॅम्प बाकी देखणा होता. पाण्याच्या काठानं पांढरे तंबू ओळीनं उभे. तंबूत गालिचा, तंबूत आरसा, तंबूत थंडगार हवेचं यंत्र. निसर्गाच्या जवळ म्हणून यायचं आणि निसर्ग आत येऊ नये म्हणून चेन लावून बसायचं, असा सगळा थाट. गाड्यांसाठी वेगळी जागा, तिथंच वीज आणि पाण्याचा नळ. बादशहानं गाडीचे लोखंडी पाय खाली सोडले, नळी जोडली, बाजूचं कापडी छत उघडलं. श्रेयसनं पाण्याला लागून टेबल मांडलं. राजमतीनं घाईघाईनं भाजी गरम केली, ताट वाढलं, नवऱ्याचा हात धरून त्यांना खुर्चीवर आणून बसवलं. पाणी बघून ते खरोखरच शांत झाले होते. तिला वाटलं, साधलं.

बापूसोंनी ताटाकडं बघितलं, मग मान वर करून पश्चिमेला बघितलं. तिकडं डोंगर होता, अंगावर आल्यासारखा उंच. सूर्य त्याच्यामागं कधीच गेला होता. बापूसोंनी हात जोडले.

"झालं," ते म्हणाले. "आता पाणी बी घ्यायचं न्हाई."

"अवो, अजून दिवस हाय. नुसता डोंगराआड गेलाय. जेवा तुमी."

"सूर्य कुठं हाय दाखीव."

श्रेयसनं मोबाइल पुढं केला. "अण्णा, हे बघा, सूर्यास्ताला अजून वेळ आहे. कॅलेंडरात पण तीच वेळ आहे."

"त्यात नगो. वर दाखीव."

वर काही दाखवण्यासारखं नव्हतं. उजेड होता, तळं लख्ख दिसत होतं, पलीकडच्या काठावरच्या झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं. पण सूर्य नव्हता. बायकोचं नाव विसरलेला, मुलाला "कोण पावणं?" म्हणून विचारणारा तो माणूस एवढं एकच घट्ट धरून बसला होता. राजमतीला क्षणभर त्यांचा अभिमान वाटला आणि पुढच्याच क्षणी आपली चूक दिसली. घरात भिंतीवरच्या वेळेवर चालायची सवय. डोंगर कॅलेंडरात नसतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बादशहा म्हणाला, "काकी, वरच्या वळणावर ऊन असंल अजून. गाडी काढू काय?"

सगळेच धावले. पण घर उभं करायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त ते आवरायला लागतो. छत गुंडाळेना, नळी सुटेना, एक लोखंडी पाय मातीत रुतून बसला. श्रेयस दगड घालून तो उचकटत असतानाच पलीकडच्या शेंड्यांवरचं ऊन निघून गेलं. अपूर्वानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो थांबला. बापूसो खुर्चीत बसून पाण्याकडं बघत होते. त्यांच्या मनाला कसलाही त्रास नव्हता.

त्रास सुरू झाला तो अंधार पडल्यावर.

शेजारच्या तंबूंपुढं शेगड्या पेटल्या. कुणी कणसं भाजत होतं, कुणी पनीर. धूर आणि मसाल्याचा वास पाण्यावरून सगळीकडं पसरला. कुठल्याशा गाडीतून गाणी लागली. बापूसो खुर्चीत चुळबुळायला लागले. मग म्हणाले, "भूक लागलीया."

राजमती पुढं होऊन त्यांच्यापाशी बसली. "णमोकार म्हणूया चला."

ते तिच्याबरोबर म्हणाले, पण अर्ध्यातच थांबले. "जेवायला वाढा की कुणीतरी."

"झालंय की तुमचं जेवण." सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं. 

बापूसोंनी आपल्या पोटावर हात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवून ते काहीतरी चाचपत राहिले. मग तिच्याकडं बघून त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग हितं का न्हाई?"

 इतके दिवस ती खरं सांगून त्यांना थोपवत आली होती. आज ती त्यांच्या भुकेला खोटं पाडत होती, आणि त्यांना ते कळलं होतं. बाकी सगळं विसरलेल्या माणसाला भूक काही विसरता आली नव्हती.

ते उठले. शेजारच्या तंबूकडं चालायला लागले. श्रेयसनं त्यांना धरलं, तर मोठ्यानं ओरडले, "मला उपाशी ठिवलंय! कुणीतरी भाकरी द्या!" गाणी बंद झाली. शेगड्यांभोवतालची माणसं वळून बघायला लागली. एक बाई दोन कणसं घेऊन पुढं आली, तिला अपूर्वानं हात जोडून परत पाठवलं. बापूसो खाली गवतावर बसले आणि रडायला लागले. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून. आदिती गाडीच्या दारात उभी राहून आजोबांकडं बघत होती. बादशहानं आपला जेवणाचा डबा उघडला होता, तो त्यानं गुपचूप मिटला आणि गाडीच्या पलीकडं जाऊन बसला.

"आई, वाढ त्यांना," श्रेयस म्हणाला. 

"न्हाय."

"अगं दुपारपासून पोटात काही नाही त्यांच्या!"

"मला ठावं हाय. त्यांनी माझ्याकडनं शब्द घेतलाय. रडलो तरी देऊ नगोस म्हणालेत."

अपूर्वा तिच्याजवळ येऊन बसली. हळू म्हणाली, "आई, त्यांना माहीतच नाही आता काही. माहीत नसताना नियम मोडतो का?"

"मला माहिती हाय की."

  राजमतीनं पदरानं तोंड पुसलं. समोर गवतावर तिचा नवरा रडत होता, आणि तिच्या कानात त्याचेच शब्द होते, शुद्धीतले, ठणठणीत. ज्यानं शब्द घेतला तोही हाच आणि जो भाकरी मागतोय तोही हाच. त्या आधीच्या माणसाचा तिला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि चांगलाच आला. स्वतः सुटला आणि हे ओझं माझ्या गळ्यात बांधून गेला. आज तो असता तर तिनं त्याला विचारलं असतं, की उपाशी माणूस दारात रडतोय आणि ताट झाकून ठेवलंय, हे कुठल्या धर्मात बसतं? पण तो नव्हता. तिनं आता जे काही करायचं ते तिचं तिलाच करायचं होतं.

ती उठली. गाडीत गेली, शेगडी पेटवली आणि आमटी गरम केली. ताट तिनं नीट वाढलं. डावीकडं भाजी, मध्ये चपाती, वाटीत आमटी. देवाचं नाव घ्यायला तिची जीभ धजेना. मनात एवढंच म्हणाली, मोडला तर मी मोडला, त्यांच्या नावावर नको.

श्रेयस बापाला उठवून टेबलापाशी घेऊन आला. राजमतीनं ताट पुढं ठेवलं. सगळ्यांना तिनं हातानंच लांब व्हायला सांगितलं. एवढं तरी दोघांतच असावं असं तिला वाटत होतं.

बापूसोंनी ताट बघितलं आणि त्यांचं रडणं थांबलं. चपातीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि हात तोंडाशी नेता नेता ते थबकले. समोर उभ्या असलेल्या बाईकडं त्यांनी निरखून बघितलं.

"तुमी जेवलासा का बाई?"

राजमतीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांना वाढत होती. ते आधी जेवायचे, मग मुलं, आणि मग उजेड जायच्या आत ती चार घास भराभर गिळायची. कधी उजेड संपायचा आणि ती तशीच राहायची. ते त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. वाईट माणूस नव्हता तो, नुसतं विचारायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आज त्याला ती कोण हेच माहीत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं.

"जेवले," ती म्हणाली.

"न्हाई जेवलासा. तोंड सुकलंय तुमचं." त्यांनी घास पुन्हा ताटात ठेवला. "वाढणारं माणूस उपाशी आणि मी एकटा जेवू व्हय? बसा. न्हाईतर उचला ताट."

ती तशीच उभी राहिली. त्यांचा नियम तिनं आपल्या डोक्यावर घेतला होता, तेवढं तिला झेपलं होतं. पण तिचा स्वतःचा अजून शाबूत होता. तीच एक तिची शिल्लक होती. आणि हा माणूस ताट सरकवून हात मागं घेऊन बसला होता, पोटात आग असताना. तिची खात्री होती, तो खरंच जेवला नसता. त्याचा हट्ट ती ओळखून होती.

तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि समोर बसली. एकाच ताटात हात घातला, चपातीचा लहानसा तुकडा तोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात ठेवला. दिवस मावळल्यावरचं अन्न कसं लागतं हे तिला आठवतही नव्हतं. तसंच लागलं, मुगाच्या आमटीसारखं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. बापूसोंनी समाधानानं मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली.

ते भरभर जेवत होते. पहिली चपाती संपली तेव्हा जरा सावकाश झाले. भाजीची चव घेत म्हणाले, "झ्याक झालीया. आमच्या घरात बी अशीच करत्यात."

"व्हय?"

"व्हय तर." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. काळं पाणी बघितलं, गाडीचा दिवा बघितला, वर आभाळ बघितलं. त्यांचा हात ताटातच थांबला. ते पुढं वाकले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "बाई, रात झालीया न्हवं?"

राजमतीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. "व्हय," ती म्हणाली.

 बापूसोंच्या चेहऱ्यावर भीती होती. पण ती देवाची नव्हती आणि पापाचीही नव्हती.

"आमच्या मंडळींना सांगू नगासा," ते म्हणाले. "त्यांनी माझा नियम सांभाळलाय. रातचं जेवलो म्हणून कळलं, तर त्यांच्या जिवाला लई लागंल."

"न्हाय सांगत," राजमती म्हणाली. "जेवा तुमी."

तिनं त्यांच्या ताटात आणखी एक चपाती वाढली. त्यांनी तिचा अर्धा तुकडा मोडून तिच्यापुढं सरकवला, आणि तिनं तो खाल्ला.